सामान बासचे, मासा घोड-भीमेचा

पावसाळ्यात पुणे-सोलापूरकडच्या वर्तमानपत्रांत एक आकडा हटकून छापून येतो: दौंडचा विसर्ग. दौंडला भीमा किती क्युसेकने वाहते आहे, यावरून उजनी धरण कधी भरणार याचा हिशेब थेट सोलापूरपर्यंतचे शेतकरी मांडतात. गळ घेऊन काठावर येणाऱ्यानेही हा आकडा आधी पाहावा. खडकवासला धरणातून पाणी सुटले की ते मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत उतरते आणि आकाश निरभ्र असतानाही दौंडकडचा काठ हळूहळू पाण्याखाली जातो. चढत्या, गढूळ पाण्यात नकली आमिष माशाला दिसत नाही आणि माणसाचा पाय कुठे पडतो ते माणसाला दिसत नाही. विसर्ग उतरला, पाणी निवळू लागले की मग रॉड बाहेर काढावा.

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पाण्याच्या बाबतीत तसे श्रीमंत. शिरूर गाव घोड नदीवर वसलेले. गावाच्या वरच्या अंगाला कुकडी तिला येऊन मिळते, खाली चिंचणीला धरण आहे. रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठा भीमेला मिळते. दौंडच्या वर घोडही भीमेत येते आणि दौंड ओलांडून गेलेली भीमा उजनीच्या फुगवट्यात शिरते. या सगळ्या काठांवर बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा आणि गांडूळ लावलेला गळ हे पिढ्यान्‌पिढ्यांचे सामान. आता त्याच्या जोडीला फायबरचे रॉड आणि रील आले आहेत, आणि ते आणणाऱ्या बऱ्याच तरुणांनी पहिले धडे मोबाइलवर, अमेरिकेतल्या ‘बास’ माशाच्या चित्रफिती पाहून घेतलेले असतात.

हा बास म्हणजे उत्तर अमेरिकेच्या तळ्यांतला, मोठ्या जबड्याचा शिकारी मासा. 1932 साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी याने पकडलेला बास दहा किलोंहून थोडा अधिक भरला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला 2009 साल उजाडावे लागले, तेही जपानच्या बिवा सरोवरात. या एका माशाभोवती तिकडे रॉड, रील, रबरी आमिषे आणि खास होड्या यांचा मोठा उद्योग उभा आहे. घोड-भीमेत मात्र बास नाही. तो असण्याची गरजही नाही, कारण त्याच सवयींचा शिकारी या नद्यांत मुळातच आहे. त्याचे नाव मरळ.

बाससारखाच मरळही उघड्या पाण्यात भटकत नाही. पाणगवताच्या कडेला, बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांत, जुन्या बांधाच्या आडोशाला तो दबा धरून बसतो आणि बेडूक, छोटा मासा, कीटक जवळून गेला की झडप घालतो. त्याच्याकडे आणखी एक सोय आहे: डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवून श्वास घेण्याची पोकळी. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी तो वर येऊन हवेचा घोट घेतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेऊन येणाऱ्या भीमेत, जलपर्णीच्या जाड गालिच्याखाली, जिथे इतर अनेक मासे गुदमरतात तिथेही मरळ तग धरतो. नदी आजारी आहे, याचीच ही एक खूण. पण काठावर उभ्या असलेल्या माणसाला मासा कुठे शोधायचा याचे उत्तरही तिच्यातच आहे. स्थिर पाण्यावर मधूनच ‘डुब्ब’ असा आवाज येऊन वलय उठते, तो श्वास घ्यायला आलेला मरळ असतो. जाणता गळवाला आमिष फेकण्याआधी दहा-पंधरा मिनिटे नुसता ही वलये पाहत उभा राहतो.

या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय नोंदही जुनी आहे. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल विल्यम साइक्स या अधिकाऱ्याने 1839 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या टिपणांत इथल्या माशांची वर्णने दिली. आज ‘टॉर खुद्री’ म्हणून जगभर ओळखला जाणारा दख्खनी महसीर त्याने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत पाहिला. ‘मुसुल्ला’ नावाचा दुसरा मोठा मासा त्याने नोंदवला तो शिरूरजवळच्या घोड नदीतून. पांढऱ्या ठिपक्यांच्या एका मरळीचे वर्णनही त्याच टिपणांत आहे. महसीर आता या पट्ट्यात सहज भेटणारा मासा राहिलेला नाही. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्ले तयार करून सोडण्याचे काम चालवले, त्यामागे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मराठी मत्स्यशास्त्रज्ञाचे संशोधन होते. चुकून गळाला महसीर लागलाच, तर तो सोडून द्यावा.

आता आमिषांकडे. बासवाल्यांच्या पेटीत शंभर प्रकार असतात. घोड-भीमेला तीन पुरतात. पहिला आणि सर्वांत कामाचा म्हणजे पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन्ही गळ पाठीकडे वळून अंगाला चिकटलेले असतात, त्यामुळे तो जलपर्णीवरून न अडकता सरकतो. मासा त्याला तोंडात दाबतो तेव्हा पोकळ अंग चपटे होते आणि गळ उघडे पडतात. बेडूक पानांवर टाकावा, दोन-तीन उड्या द्याव्यात, आणि पाने संपून उघडे पाणी सुरू होते त्या कडेला क्षणभर थांबवावा. मरळ बहुतेक वेळा तिथेच उसळतो. नवशिक्याची सारी गडबड होते ती याच क्षणी: पाणी फुटले की तो झटका देतो आणि बेडूक रिकामा हवेत परत येतो. उसळी दिसल्यावर रॉडचे टोक खाली न्यावे, एक-दोन सेकंद थांबावे, माशाचा भार दोरीवर जाणवला की मगच जोरात ओढावे. हा संयम अंगवळणी पडायला हंगाम जातो, पण मासा हाती लागणे न लागणे यावरच ठरते.

दुसरे आमिष म्हणजे धातूचा चमचा किंवा फिरते पाते. जिथे गवत नाही, पाणी वाहते आहे, बंधाऱ्याखाली खळाळ आहे, तिथे हे लांब फेकता येते आणि शिंगटा, शिवडा यांसारखे शिकारीही त्यावर येतात. तिसरा, शेपटी हलवणारा मऊ रबरी मासा. तो एका गळावर, टोक रबरात लपवून लावला तर बुडालेल्या काटक्यांतूनही निघतो. काठावर सर्वांत जास्त मिळणारी चिलापी मात्र या तिन्हींकडे फारसे लक्ष देत नाही. तिच्यासाठी लहान गळ, कणकेची गोळी किंवा गांडूळ आणि हलके बूच हेच खरे.

पेटीतली एक साधी गोष्ट फार जण विसरतात. मऊ रबरी आमिषे आणि कडक प्लास्टिकची आमिषे एकाच कप्प्यात ठेवू नयेत. रबरातला मऊपणा आणणारा द्रव कडक प्लास्टिक आणि त्यावरचा रंग वितळवतो, आणि मे महिन्याच्या उन्हात गाडीत राहिलेल्या पेटीचा चिकट गोळा होतो. गळाचे टोक नखावर टेकवून हलकेच ओढावे: रुतले तर धार आहे, घसरले तर कानस मारावी किंवा गळ बदलावा. मरळीचा जबडा हाडाचा आणि कठीण आहे, बोथट गळ त्यात घुसत नाही.

रॉड साडेसहा ते सात फुटांचा, कण्याला ताठ असा घ्यावा, कारण मासा लागल्यावर पहिल्या झटक्यात त्याला जलपर्णीबाहेर काढावे लागते. लवचीक रॉडने तो मुळांत गुंडाळून घेतो. रीलवर तंगुसाऐवजी विणलेली दोरी असावी, तीस-चाळीस पौंड ताकदीची. ती ताणत नाही, त्यामुळे झटका पूर्ण गळापर्यंत पोहोचतो, आणि पानांचे देठ ती कापत येते. उघड्या पाण्यात तिच्या टोकाला हातभर लांबीचा, जाड आणि पारदर्शक तंगुसाचा तुकडा जोडावा. गाठ बांधताना ती थुंकीने ओली करूनच आवळावी. कोरडी दोरी घासून तापते आणि नेमकी गाठीपाशीच कमजोर होते. रीलचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर सुटेल असा ठेवणे हा सर्वसाधारण नियम, गवतात तो थोडा अधिक आवळतात. घरी आल्यावर रील ओल्या फडक्याने पुसावे, नळाच्या जोरदार धारेखाली कधीही धरू नये, कारण धारेबरोबर बारीक गाळ आत जातो. ठेवताना ब्रेक सैल करावा.

होडीचा विषय याहून गंभीर आहे. दौंडच्या खाली, उजनीच्या फुगवट्याकडे जाताना पाणी समुद्रासारखे पसरते. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण 117 टीएमसीच्या घरात, आणि उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा त्यात बुडालेली जुनी वस्ती डोके वर काढते. इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे मंदिर असेच दिसू लागते. बुडालेल्या भिंती, विहिरींचे कठडे, झाडांची खोडे हे माशांचे उत्तम आडोसे आहेत. होडीच्या तळाला भोक पाडणाऱ्या जागाही त्याच. म्हणून अनोळखी पाण्यात इंजिन जोरात पळवू नये आणि स्थानिक मच्छीमाराला विचारल्याशिवाय नवी वाट धरू नये. बुडालेल्या गावाचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो.

पत्र्याच्या होडीला गंज हा मोठा शत्रू. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, ती उलटी करून जुना सुटलेला थर खरवडावा, गंज घासून काढावा, आधी रेड ऑक्साइड आणि मग तळाला डांबराचा हात द्यावा. फायबरच्या होडीत केसासारख्या चिरा पाहाव्यात. चीर दिसली की लगेच लेप लावण्याचा मोह होतो, पण आधी ती जागा पूर्ण वाळली पाहिजे. ओल आत कोंडली तर लेप एका हंगामातच सुटतो.

इंजिन असेल तर जलपर्णी हा रोजचा त्रास. मुळे पंख्यात गुंडाळतात, पाणी ओढण्याची जाळी तुंबवतात आणि थंड पाण्याविना इंजिन तापते. इंजिनाच्या मागून बाहेर पडणारी पाण्याची बारीक पिचकारी चालू आहे ना, हे दर काही मिनिटांनी पाहायची सवय लावावी. ती थांबली की इंजिन तत्काळ बंद. महिन्या-दोन महिन्यांनी पंखा काढून त्यामागचा दांडा तपासावा. तिथे गुंडाळलेली तुटकी दोरी किंवा जाळ्याचा धागा हळूहळू तेलाचे सील कापतो आणि पाणी गिअरमध्ये जाते. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर तेच झालेले असते. मासेमारीच्या होडीचे इंजिन अनेकदा मासेमारीच्या दोरीनेच बिघडते, म्हणून तुटलेली दोरी पाण्यात फेकू नये.

होडी आणि इंजिन ठीक असले तरी वाऱ्याचे भान हवेच. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सातांपैकी एक जण पोहून काठाला लागला, सहा जणांचा जीव गेला. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग जमतात आणि अर्ध्या तासात आरशासारख्या पाण्यावर लाटा उठतात. मरळीसाठी सर्वांत चांगले तासही पहाटेपासून सकाळी नऊपर्यंतचेच आहेत. तेव्हा उन्हाळ्यात दुपारी होडी काठावर असावी, आणि पाण्यात असेपर्यंत लाइफ जॅकेट अंगात असावे, बाकाखाली नाही. पट्टीचा पोहणारा माणूसही जलपर्णीत पाय अडकल्यावर असहाय होतो.

शेवटी परवानगी आणि पिल्ले. धरणे आणि तलाव यांतला मासेमारीचा हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. तिथे विचारूनच गळ टाकावा, कारण तो मासा कुणाच्या तरी चुलीशी जोडलेला आहे. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे तर 1897 च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. आणि कुणाला बास इथे आणून सोडण्याची कल्पना सुचली, तर त्याने जपानकडे पाहावे: 1925 साली हौसेने आणलेला हा मासा तिथल्या तळ्यांतले देशी मासे खात सुटला, आणि 2005 पासून कायद्याने त्याला उपद्रवी परका जीव ठरवून पाळण्या-सोडण्यावर बंदी घालावी लागली. भारतात 1952 साली आणलेल्या तिलापियाने, म्हणजे आपल्या चिलापीने, आणि चोरून आणलेल्या आफ्रिकन मांगूरने उजनीसारख्या पाण्यांत जे केले, ते मच्छीमारांना नव्याने सांगायला नको.

मरळीची नर-मादी पावसाळ्याच्या सुमारास अंडी आणि पिल्ले राखतात. लालसर पिल्लांचा दाट थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि त्याखाली आई-बाप पहारा देतात. या थव्यावर बेडूक टाकला की ते हमखास झडप घालतात, भुकेने नाही, पिल्लांच्या रक्षणासाठी. जोडी काढली की काही तासांत तो सारा थवा इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातो. घोड नदीवर किंवा भीमेवर असा थवा दिसला, तर दोरी गुंडाळून घ्यावी आणि दुसरी जागा पाहावी. एवढे प्रत्येक गळवाल्याने पाळलेच पाहिजे.