उपाशी पोटी बाजारात जाऊ नये

असरची नमाज झाली की मशिदीच्या बाजूच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. एका हातगाडीवर चिरलेले कलिंगड, दुसरीवर पपई, पुढे कढईतून निघणारी कांदाभजी आणि समोसे, कोपऱ्यावर शेवया आणि खजुरांचे ढीग. घरी निघालेल्या रोजेदाराच्या घशाखाली पहाटेपासून पाण्याचा थेंबही गेलेला नसतो. इफ्तारला तासभर उरलेला असतो. अशा वेळी जे दिसेल ते हवेसे वाटते. घरून निघताना ठरलेली असतात फक्त डझनभर केळी. घरी पोचतात चार पिशव्या.

मग मगरिबची अजान होते. एक खजूर, दोन पेले पाणी, थोडे फळ, तीन-चार भजी, की पोट भरते. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटात एकदम फार मावत नाही, हे पहिला रोजा ठेवणारे पोरही दुसऱ्या दिवशी सांगेल. दस्तरखानावर निम्मे तसेच उरते. गार झालेला समोसा सहरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणात, कोणी तोंडात घेत नाही. चिरलेले कलिंगड तोवर पाणी सोडून आंबूस झालेले असते.

खाण्याच्या वेळा कमी होतात आणि किराण्याचे बिल वाढते, हे रमजानातले जुने कोडे आहे. श्रावणात आणि नवरात्रात साबुदाणा, शेंगदाणे आणि राजगिऱ्याच्या लाडवांचा हिशेब ठेवणाऱ्या घरांनाही ते नवे नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण रमजानाला लावली तर कोणी रागावू नये. इस्लाममध्ये उधळपट्टीला ‘इस्राफ’ असा खास शब्द आहे आणि कुरआनात ती खाण्यापिण्याच्या संदर्भातच मना केलेली आहे. प्रेषित ओल्या खजुरांनी इफ्तार करीत, त्या नसतील तर सुक्या खजुरांनी, त्याही नसतील तर पाण्याच्या घोटांनी, असे हदीसमध्ये येते. भज्यांचा उल्लेख कुठे नाही.

भजी हराम आहेत असे मात्र कोणी म्हणत नाही. मुलांना ती हवीच असतात. प्रश्न रोजच्या आकड्याचा आहे. समजा, दररोज 80 रुपयांचे तळण बाहेरून आले, तर 30 रोज्यांचे 2400 रुपये होतात. तेवढ्यात अनेक घरांतल्या एखाद्या मुलाचे ईदचे कपडे आणि चपला होतात. तीच भजी घरी दोन कांदे आणि वाटीभर बेसनात होतात. अट एकच, कढई लहान घ्यावी. मोठ्या कढईत तेल जास्त ओतावे लागते, उरते, पुन्हा तापते, काळे पडते. वारंवार तापवलेल्या तेलात बिघाडाचे जे घटक तयार होतात, त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यालायक नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम 2018पासून आहे. घरात ते मोजायचे यंत्र नसते. म्हणून तेल आधीच कमी ओतावे, हे खिशालाही बरे आणि छातीलाही.

खरी बचत भावाच्या घासाघिशीपेक्षा वेळेत आहे. दुसऱ्या दिवसाची यादी रात्री तरावीहच्या नमाजनंतर, भरल्या पोटी लिहावी आणि खरेदी सकाळीच उरकावी. असरनंतर बाजारात जायचेच असेल, तर यादीपुरतेच पैसे खिशात घ्यावेत. अनेक घरांतल्या बायका हे वर्षानुवर्षे करतात. बहुतेक वेळा यादी मोडतो तो घरातला पुरुषच.

मोठा किराणा रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात भरावा. सध्याची काही वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो आहे. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने तो दरवर्षी तेवढा मागे सरकतो. हा काळ नव्या हरभऱ्याचा आहे. डाळ घेऊन गिरणीतून पंधरा दिवसांपुरते बेसन दळून आणले, तर बहुधा पाकिटापेक्षा स्वस्त पडते आणि त्यात वाटाण्याचे पीठ मिसळल्याची शंका राहत नाही. महिन्याभराचे एकदम दळू नये. ऊन वाढले की त्यात किडे होतात.

पण आधी भरायला हातात पैसे हवेत, आणि इथेच खरी अडचण आहे. मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरांत मजुरी बहुधा आठवड्याला हातात येते. रिक्षावाला, हमाल, बांधकामावरचा मजूर यांचा हिशेब तर रोजचा. अशा घरात तेल पावशेर येते, साखर अर्धा किलो, चहा पुडीने. सर्वांत लहान पुडीचा दर अनेकदा सर्वांत महाग असतो, म्हणजे ज्याच्याकडे कमी पैसे, त्यालाच वस्तू महाग मिळते. पाकिटावर छापील किमतीबरोबर दर ग्रॅमची, आणि एक किलोपेक्षा मोठ्या पाकिटावर दर किलोची किंमत छापणे आता बंधनकारक आहे. अक्षर बारीक असते, पण शाळकरी मुलाला वाचायला सांगावे. तेलाच्या पिशवीबाबत तर ते वाचलेच पाहिजे. एक लिटर तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते. बाजारात मात्र दिसायला तशाच, पण 850 किंवा 800 ग्रॅमच्या पिशव्याही असतात. दहा रुपयांनी स्वस्त म्हणून उचललेली पिशवी पुष्कळदा स्वस्त नसते, कमी असते.

एकट्या घराला मोठी खरेदी झेपत नसेल, तर चार घरांना झेपते. महाराष्ट्रात दिवाळीसाठी फंड आणि भिशी चालते, तशीच रमजानची भिशी गल्लीतल्या बायकांनी काढायला हरकत नाही. आठवड्याला 100 रुपये टाकले, तरी 45 आठवड्यांत घरटी 4500 रुपये जमतात. तेलाचा डबा, साखरेची गोणी, डाळ एकत्र आणून वाटून घ्यायची. यात व्याज नाही, उधारी नाही. उधारीने आणलेल्या मालाचा भाव विचारायला तोंड उघडत नाही, हे ज्याने वहीवर माल घेतला आहे त्याला सांगायला नको.

फळांच्या बाबतीत परदेशी सफरचंदाशिवाय इफ्तार सजत नाही, अशी एक समजूत झाली आहे. याच दिवसांत नाशिकची द्राक्षे, विदर्भातला संत्रा, जळगावची केळी आणि कलिंगड बाजारात असतात. राज्यातले कित्येक शेतकरी रमजानची तारीख पाहूनच कलिंगडाची लागवड करतात. पीक सुमारे दोन ते सव्वादोन महिन्यांत काढणीला येते. म्हणजे बांधावरचा शेतकरी आणि गल्लीतला रोजेदार एकाच चंद्राकडे डोळे लावून बसलेले असतात. कलिंगड अख्खे घ्यावे आणि दोन घरांनी वाटून घ्यावे. हातगाडीवरच्या फोडींना पैसेही जास्त पडतात, धूळही जास्त.

खजुरात अजवा आणि मेडजूल ही नावे अलीकडे भेटवस्तूंच्या डब्यांतून घराघरांत पोचली. ती चांगलीच आहेत, पण रोजा सुटायला कोणतीही खजूर चालते. ईदच्या शिरखुर्म्याचेही तेच. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. नावातच दोन जिन्नस आहेत. पिस्ते, बदाम, चारोळी हे नंतर आलेले पाहुणे. पाहुणे कमी आले म्हणून जेवण अडत नाही. खारीक आणि थोडे खोबरे आधीच आणून ठेवले, तर चाँदरातीच्या गर्दीत मागेल तो भाव द्यावा लागत नाही.

काटकसर करताना काही घरे वेगळ्याच ठिकाणी कात्री लावतात. शेजारी पाठवायची इफ्तारीची ताटली बंद होते. कधी लाजेने: चार पदार्थ नाहीत, मग काय पाठवायचे? फित्रा शेवटच्या दिवसापर्यंत लांबतो. फित्रा म्हणजे ईदच्या नमाजेआधी गरजूला द्यायचे दान. घरातल्या तान्ह्या बाळाच्या नावानेही ते निघते. गव्हाच्या हिशेबाने माणशी साधारण पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत. खजूर वा मनुक्याच्या हिशेबाने वजन जवळपास दुप्पट. सहा माणसांच्या घराचा फित्रा गव्हाने काढला, तर दहा-बारा किलो गव्हाचे पैसे. हा आकडा पहिल्या आठवड्यातच वेगळ्या डब्यात ठेवावा आणि ईदच्या चार-पाच दिवस आधी पोचवावा. घेणाऱ्या घरालाही शेवया, दूध, साखर वेळेत आणता आली पाहिजे. चाँदरातीला रात्री अकरा वाजता हातात पडलेल्या पैशांनी त्या घराला सर्वांत महाग बाजार करावा लागतो.

आणि ताटलीत चार पदार्थ नसले तरी चालते. दोन खजुरा, एक फळ, मूठभर भिजवलेले चणे पुरतात. शेजारच्या घरून ताटली रिकामी परत येत नाही. गेली काही वर्षे होळी रमजानातच येते आहे. त्या दिवशी ताटलीतून पुरणपोळ्या येतात, आणि इफ्तारला घरात दुसरे गोड करावे लागत नाही.