घर बांधताना शेजार राखा

‘लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून’ असं जुन्या बायका म्हणत. मला त्याला जोडावंसं वाटतं, ‘आणि शेजार पाहावा राखून!’ वणेकाठच्या आमच्या हिंगणघाटात जुन्या वस्तीतली घरं अगदी खेटून. कुणी वरचा मजला काढला, की शेजारीण म्हणणारच, “अहो, आमचा उजेड गेला ना!” मग नगरपालिकेत हरकतीचा अर्ज, आणि वाटीभर साखरेची देवघेव बंद!

अशा वेळी कायदा आपल्यालाही ठाऊक हवा. बांधकामाची परवानगी मिळते ती १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली. जागा कुणाची, विकास योजनेत ती रहिवासी भागात आहे का, सोडलेलं अंतर व उंची नियमात आहे का, हे पालिका पाहते. नुसतं शेजाऱ्याला आवडत नाही म्हणून परवानगी अडत नाही. ती नाकारली, तर ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

पण मैत्रिणींनो, परवानगीचा कागद हाती आला म्हणजे शेजाऱ्याचा हक्क संपला, असं नाही हं! १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे घराला २० वर्षं अखंड, बिनतक्रार मिळत आलेला उजेड-वारा हा हक्क होतो. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात असल्यानं हा कायदा इथं १८८२ पासूनच आहे. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये गेला. म्हणून “पालिकेनं मंजुरी दिलीय” एवढं उत्तर दिवाणी कोर्टात पुरत नाही. अर्थात थोडासा उजेड कमी झाला म्हणून शेजारणीलाही दाद मिळत नाही. नुकसान चांगलं जाणवण्यासारखं असावं लागतं.

मग करावं काय? कुदळ मारण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. लगतच्या मालकांना तिथून नोटीस जाते, त्यामुळे हद्दीचा वाद आधीच मिटतो. नकाशा पालिकेत देण्यापूर्वी तो घेऊन शेजारणीकडे जा. तिची खिडकी कुठं, आपल्या छपराचं पाणी कुणाच्या अंगणात पडेल, हे दोघींनी मिळून पाहा. कागदावर जिना सरकवायला पैसे पडत नाहीत. बांधल्यावर तोडायला पडतात. जे ठरेल ते लिहून दोन्ही घरच्यांच्या सह्या घ्या.

एक खोली लहान झाली तरी संसार होतो. रात्री-अपरात्री हाक मारायला मात्र शेजारीणच लागते.