सीडीला रफू

संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या बोलीत ‘फॉरमॅट मारणं’ असा एक प्रयोग आहे. एक्सपीच्या जमान्यात त्याचा अर्थ बहुधा ठरलेला असे: डिस्क कोरी करायची आणि तिच्यावर पुन्हा विंडोज एक्सपी टाकायची. खोच त्या ‘पुन्हा’मध्ये होती. सीडी कारखान्यात ज्या दिवशी दाबली, त्या दिवसाशी ती कायमची बांधलेली. ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेली सीडी २००४ साली ड्राइव्हमध्ये घातली, तरी संगणक उठे तो २००१ सालातच. मधल्या तीन वर्षांत बुजवलेली सगळी भोकं पुन्हा सताड उघडी.

याची खरी किंमत कळली ती ऑगस्ट २००३ मध्ये. ब्लास्टर नावाचा वर्म ११ तारखेला सुटला. ज्या भोकातून तो शिरायचा, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिला होता. पण जुन्या सीडीवरून नुकत्याच बसवलेल्या विंडोजला तो आणायला इंटरनेटवर जावं लागे आणि तिथे वर्म दाराशीच बसलेला. कुठली मेल उघडायला नको, कुठे क्लिक करायला नको. मूळ एक्सपीत फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली. पडद्यावर एक खिडकी यायची, साठ सेकंद उलटे मोजायची आणि संगणक बंद होऊन परत सुरू. डायल-अपवर साठ सेकंदांत पॅच उतरवा म्हणजे झालं! जाणकार मंडळी घाईघाईने ‘शटडाऊन -ए’ हा आदेश टाइप करून ती मोजणी थांबवत. पुढच्याच वर्षी एप्रिलअखेर सॅसर आला, त्याचीही तऱ्हा तीच.

औषध संगणकाला द्यायचं, की संगणक ज्या सीडीतून जन्मतो तिलाच? दुसऱ्या वाटेचं नाव स्लिपस्ट्रीमिंग. धावत्या एसटीच्या मागे सायकल लावली की समोरची हवा एसटी कापते आणि सायकल फुकट ओढली जाते. शब्द त्या ओढीवरून आला आहे. मूळ फायलींच्या ओढीत सुधारित फायलीही संगणकात शिरतात.

विंडोज एनटी ४मध्ये ही सोय नव्हती. सर्व्हिस पॅक, म्हणजे सुधारणांचा एकत्र गठ्ठा, टाकल्यावर सीडीवरून एखादा नवा घटक घेतला की जुन्या फायली नव्यांच्या डोक्यावर बसत आणि सर्व्हिस पॅक परत चढवावा लागे. विंडोज २०००पासून मायक्रोसॉफ्टनेच रस्ता करून दिला, म्हणजे हा काही चोरवाटेचा उद्योग नव्हे. सीडी हार्ड डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये उतरवायची, सर्व्हिस पॅकच्या फाइलीला ‘इंटिग्रेट’ हा आदेश आणि त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, मग चहा घ्यायचा. ‘आय३८६’ नावाच्या फोल्डरात विंडोजच्या फायली दाबून ठेवलेल्या असतात. नावाचं शेवटचं अक्षर जाऊन तिथे अधोरेषा आलेली, ही त्यांची खूण. त्यातल्या जुन्या काढून नव्या ठेवल्या जातात आणि कोणती फाइल कुठे जायची याच्या याद्या सुधारल्या जातात. सर्व्हिस पॅक आणि सीडी एकाच भाषेतले हवेत, एवढी अट. असा मुरवलेला पॅक नंतर काढता येत नाही. रफूचा धागा ओढून काढायला जावं, तसं ते होईल.

फायदा फक्त सुरक्षेचा नव्हता. पहिल्या सर्व्हिस पॅकआधीच्या एक्सपीला १३७ जीबीपलीकडची हार्ड डिस्क नीट हाताळता येत नसे. नंतर साटा डिस्क आल्या, तेव्हा जुनी सीडी ‘हार्ड डिस्क सापडत नाही’ म्हणून हात वर करी. एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्या, असा तिचा हट्ट आणि लॅपटॉपला तर फ्लॉपीच नाही. ड्रायव्हरही सीडीतच विणला की हा तिढा सुटे.

फोल्डर तयार झाला तरी खरी परीक्षा पुढेच असे. फायली नुसत्या सीडीवर राईट केल्या तर ती वाचता येते, पण तिच्यावरून संगणक सुरू होत नाही. त्यासाठी मूळ सीडीतला २ केबीचा बूट सेक्टर काढून नव्या सीडीत बसवावा लागतो. राईट करताना निवड अशी: एम्युलेशन नाही, सेक्टर ४. या पद्धतीचं नाव एल टोरिटो. कॅलिफोर्नियातल्या ज्या उपाहारगृहात तिचा आराखडा ठरला, त्याचंच नाव तिला दिलं असं सांगतात. माझ्या पहिल्या सीडीत मी सेक्टरचा आकडा चुकवला. ती पुढे गच्चीतल्या कुंड्यांवर पाखरं हाकायला टांगली.

नंतर क्रोएशियातल्या दिनो नुहागिच यांचं एनलाइट हे सॉफ्टवेअर आलं आणि हे सगळं बटणांवर आलं. त्याबरोबर एक खोडही लागली. नको ते घटक उडवण्याची सोय त्यात होती, मग सीडी किती बारीक होते याची चढाओढ सुरू झाली. आज हेल्प काढली, उद्या प्रिंटिंग. महिन्याने प्रिंटर आणला की कपाळाला हात. या कामातलं कसब काय घालायचं यापेक्षा कशाला हात लावायचा नाही, हे कळण्यात आहे, असं माझं मत. दुसऱ्याने कापलेली आयती सीडी तर घेऊच नये. त्याने काय काढलं आणि काय घातलं, देव जाणे.

मराठी माणसाचा या कलेशी आणखी एक धागा आहे. एक्सपीत देवनागरी मुळात सुरू नसे. कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करा, सीडी घाला, मग ती चाले. संगणकावर सर्व्हिस पॅक २ आणि हातातली सीडी २००१ची असली, तर अनेकदा ‘सर्व्हिस पॅक २ची सीडी द्या’ अशी मागणी येई. अशी सीडी बहुतेकांकडे नसेच. मुरवलेल्या सीडीत मात्र, विंडोज बसवताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेल्या फाइलीत ‘लँग्वेजग्रुप’समोर १५ हा भारतीय लिप्यांचा आकडा घातला की संगणक देवनागरी घेऊनच जन्मे आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फाँट पहिल्या दिवसापासून नीट उमटे. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या त्या एका ओळीने किती हेलपाटे वाचवले!

व्हिस्टापासून विंडोज एकाच मोठ्या प्रतिमा-फाइलीत येऊ लागली आणि जुनी रीत संपली. विंडोज ७बरोबर डिस्म हे हत्यार आलं. प्रतिमा उघडायची, पॅच घालायचा, मिटायची. काम तेच, पण आता ते मुख्यतः कंपन्यांच्या आयटी विभागात चालतं. घरी आपण ताजी प्रत उतरवून पेन ड्राइव्हवर घेतो.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. कपाटात तिच्या प्रोफेशनल आवृत्तीची सीडी सापडली, तर उघडून पाहा. ‘विन५१आयपी’ या चिमुकल्या फाइलीच्या जोडीला त्याच नावाची, पण शेवटी ‘एसपी२’ किंवा ‘एसपी३’ असलेली फाइल दिसली, तर त्या सीडीत सर्व्हिस पॅक मुरलेला आहे. वर कारखान्याची छपाई नसून मार्करचं अक्षर असेल, तर ती कुणीतरी घरी बसून रफू केलेली. बसवून जरूर बघा, फक्त नेटची केबल आधी काढून ठेवा.