न पाडता मोजलेलं शहर

डोंबिवलीत जुनी इमारत पाडली की डंपर भरभरून राडारोडा निघतो. मग उभ्या शहरात किती माल असेल? आचारी जेवणाऱ्या पानांच्या संख्येवरून तांदळाचा अंदाज काढतो, तसाच हा हिशोब. नकाशावरून इमारतीचं क्षेत्रफळ घ्यायचं, मजल्यांनी गुणायचं, बांधकामाच्या काळावरून विटा, लोखंड, काँक्रीटचं प्रमाण धरायचं. पाच इंची स्लॅबचा एक चौरस मीटरच सुमारे ३०० किलो भरतो!

रूळ त्याहून सोपे. मीटरला ६० किलोचा रूळ धरला, तर ठाणे-कल्याणच्या सहा मार्गांवर दर किलोमीटरला ७२० टन पोलाद आहे.

हा हिशोब कामी येतो तो पाडकामाच्या वेळी. कल्याणचा शंभरी ओलांडलेला पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला. अशा पुलाचं पोलाद वितळवून पुन्हा वापरता येतं. काँक्रीटची फार तर खडी होते. पुनर्विकासाला परवानगी देतानाच पालिकांनी इमारतीतल्या मालाची नोंद सक्तीची करावी.