मनोरुग्णांचे पुनर्वसन आणि शेजाराचा आधार

ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, वसईची खाडी आणि अरबी समुद्र यांच्या कुशीत वसलेले मीरा-भाईंदर हे चार दशकांपूर्वी शहर नव्हते. मिठागरे, भातशेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांचा तो एक पट्टा होता. १९८५ मध्ये येथील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ इतकी होती. उत्तन-चौकच्या किनाऱ्यावरील जुने कोळीवाडे सोडले तर येथील बहुसंख्य कुटुंबे गेल्या एक-दोन पिढ्यांत बाहेरून येऊन स्थायिक झालेली आहेत.

अशा शहरात एखाद्या घरी मनोविकाराने प्रवेश केला म्हणजे त्या घराची स्थिती विशेष बिकट होते. आजारी माणसाला आळीपाळीने सांभाळणारे भाऊबंद, धीर देणारी गावकीतील वडीलधारी माणसे जवळ नसतात. घरातील कमावती माणसे पहाटेच्या लोकलने मुंबई गाठतात व रात्री परततात. दिवसभर बंद दाराआड रुग्ण आणि बहुधा त्याची वृद्ध आई एवढीच उरतात. नात्यागोत्याचा आधार जेथे सुटला आहे तेथे तो कोणी द्यावयाचा, हा प्रश्न केवळ मीरा-भाईंदरचा नाही. एकत्र कुटुंबे जेथे जेथे विभागली जात आहेत, त्या प्रत्येक तालुक्याला आणि गावाला आज ना उद्या त्याचे उत्तर शोधावे लागणार आहे.

आजार मोठा, उपचार अपुरे

बंगळूर येथील 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. पाहणीच्या वेळी प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे तीत आढळले. याहून चिंतेची बाब अशी की, आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते.

छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया, उन्माद व नैराश्य यांची आवर्तने असलेला द्विध्रुवीय विकार आणि तीव्र नैराश्य हे यांतील गंभीर आजार होत. छिन्नमनस्कतेत रुग्णाला भास होतात, नसलेले आवाज ऐकू येतात, आपल्याविरुद्ध कट चालला आहे असा संशय बळावतो. हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नव्हे, बाहेरची बाधा नव्हे आणि आईबापांच्या संगोपनातील दोषही नव्हे. मेंदूच्या कार्यातील बिघाड, आनुवंशिकता आणि जीवनातील ताणतणाव यांचा त्यात एकत्रित वाटा असतो. योग्य औषधांनी पुष्कळ रुग्णांची लक्षणे आटोक्यात येतात व ते कामधंदा करू शकतात. मात्र बरे वाटू लागताच औषध बंद केले की आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणूनच रुग्णालयातील काही आठवड्यांपेक्षा नंतरची काही वर्षे अधिक महत्त्वाची ठरतात, आणि ती वर्षे रुग्ण घरात, शेजारात व समाजात काढीत असतो.

कोंडवाड्यापासून हक्कापर्यंत

मनोरुग्णांविषयी समाजाचा दृष्टिकोन दीर्घकाळ त्यांना दूर ठेवण्याचा होता. १९१२ चा ब्रिटिशकालीन 'लुनसी ॲक्ट' हा मुख्यतः रुग्णाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याची रीत सांगणारा कायदा होता. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय त्याही आधीचे, १९०१ सालचे. पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालये धरून राज्यात शासनाची अशी चार रुग्णालये आहेत. त्यांनी हजारो रुग्णांची शुश्रूषा केली. परंतु चार रुग्णालये साऱ्या महाराष्ट्राला पुरी पडणे अशक्यच होते. उपचार लोकांच्या जवळ नेण्यासाठी १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला आणि कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळदंडांनी जखडलेले असल्यामुळे त्यांना पळताही आले नाही व पंचवीसहून अधिक जण होरपळून मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेने साऱ्या देशाची मान खाली गेली. पुढे १९८७ च्या कायद्याची जागा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने घेतली व तो २०१८ मध्ये अंमलात आला. मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास या कायद्याने मनाई केली आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये, भूत उतरविण्याच्या नावाखाली एखाद्यास दोराने वा साखळीने बांधून मारहाण करणे हा गुन्हा ठरतो.

बरा झाला, पण जाणार कोठे?

नव्या कायद्यातील कलम १९ प्रत्येक अधिकाऱ्याने व लोकप्रतिनिधीने मुद्दाम वाचावे असे आहे. मनोरुग्णास समाजात राहण्याचा, समाजाचा घटक असण्याचा हक्क ते देते. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे ते स्पष्टपणे बजावते. तरीही बरे झालेले अनेक जण वर्षानुवर्षे रुग्णालयातच राहतात. घरचा पत्ता बदललेला असतो, किंवा पत्ता तोच असतो पण दार उघडत नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी केलेल्या जनहित याचिकेच्या निमित्ताने राज्यातील दीर्घकाळ दाखल असलेल्या अशा रुग्णांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढेही आला.

रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णांची कथा याहून वेगळी नाही. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी या मुंबईतील मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनची स्थापना केली. गटाराचे पाणी करवंटीने पिणारा एक तरुण त्यांना रस्त्यात आढळला. उपचारानंतर तो सुशिक्षित असून त्याचे घर आंध्र प्रदेशात असल्याचे उघड झाले आणि तो आपल्या कुटुंबात परतला. मीरा-भाईंदरला लागूनच असलेल्या दहिसर येथे या संस्थेने प्रथम काम वाढविले व २००६ पासून रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ तिचे मोठे केंद्र उभे राहिले. २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोपर्यंत सात हजारांहून अधिक रुग्ण आपापल्या घरी पोचले होते. 'बेवारस' हा शिक्का बहुतेक वेळा शोध न घेतल्याचा परिणाम असतो, हेच या कार्याने सिद्ध केले.

शुभंकर आणि शुभार्थी

रुग्ण घरी आला म्हणजे खरी कसोटी सुरू होते ती सांभाळणाऱ्यांची. या क्षेत्रातील मराठी कार्यकर्त्यांनी दोन सुंदर शब्द रूढ केले आहेत. सांभाळ करणारा तो 'शुभंकर' आणि ज्याचे शुभ चिंतावयाचे तो 'शुभार्थी'. 'वेडा' या शब्दाने होणारा अपमान येथे आपोआप टळतो.

मूळचे धुळे जिल्ह्यातील व कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापन केली. छिन्नमनस्कतेविषयी समाजात समज वाढावी म्हणून 'देवराई' (२००४) या मराठी चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांनी पुढाकार घेतला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्य संस्थेने उपचारांबरोबरच लोकशिक्षणाचे मोठे कार्य उभे केले आहे.

अशा संस्थांच्या प्रेरणेने चालणाऱ्या स्वमदत गटांचे स्वरूप साधे असते. ठरलेल्या दिवशी दहा-पंधरा कुटुंबे एकत्र बसतात. औषध घेण्यास नकार देणाऱ्या मुलाशी कसे बोलावे, संशय घेणाऱ्या पत्नीशी वाद का घालू नये, झोप उडणे हे आजार उलटण्याचे पहिले लक्षण कसे ओळखावे, अशा गोष्टी एकाच्या अनुभवातून दुसऱ्याला कळतात. त्यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. शाळेचा एक वर्ग वा वाचनालयाची खोली पुरते. मीरा रोड वा भाईंदर येथून ठाण्याच्या रुग्णालयात जावयाचे तर लोकलने दादरला वळसा घालावा लागतो किंवा घोडबंदर रस्त्याने बसचा प्रवास करावा लागतो. दरमहाची ही फेरी एकट्या शुभंकरास जड होते; दोन-चार कुटुंबांनी आळीपाळीने सोबत केली तर ती चुकत नाही.

अमरावतीच्या गावांचा धडा

समाजाने पुढाकार घेतल्यास किती फरक पडतो याचे मोजलेले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी घरोघरी माहिती देणे, रुग्ण ओळखणे, धीर देणे व गरज असेल तर डॉक्टरांकडे पाठविणे अशी साखळी त्यात उभारली गेली. नैराश्याच्या रुग्णांपैकी आधी केवळ ४.३ टक्के रुग्ण उपचार घेत होते. अठरा महिन्यांनंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. गावे तीच होती, माणसेही तीच होती. विचारणारे कोणी दारी आले, एवढाच काय तो फरक.

कोणी काय करावे?

पोलिसांचे कर्तव्य कलम १०० मध्ये सांगितले आहे. स्वतःचा सांभाळ करू न शकणारा मनोरुग्ण भटकताना आढळल्यास त्याला संरक्षणात घेऊन शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावयाचे असते. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. घरातच एखाद्या रुग्णाचा छळ वा हेळसांड होत असल्यास कलम १०१ अन्वये दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठविता येतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे कलम ११५ नुसार गृहीत धरावयाचे असून, तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी हे आजच्या शहरातील गावपंचच होत. रात्री-अपरात्री ओरडण्याच्या तक्रारीवरून एखाद्या कुटुंबाला घर सोडण्यास सांगण्याचा आग्रह सभेत होतो, तेव्हा त्यांनी आजार आणि उपद्रव यांतील भेद सभासदांस समजावून द्यावा. मनोविकार आहे एवढ्यावरून कोणी विकलबुद्धी ठरत नाही, असे कायदा सांगतो. अध्यक्षांनी त्या घरी एकदा जाऊन विचारपूस केली, तर अर्धा प्रश्न तेथेच सुटतो.

शिक्षकांना मुलातील बदल कित्येकदा आईबापांच्याही आधी दिसतो. हुशार विद्यार्थी एकाएकी मागे पडला, अबोल झाला, एकटाच पुटपुटू लागला, तर शिक्षेऐवजी पालकांशी खाजगीत बोलणे आवश्यक असते.

पंचायत सदस्य व नगरसेवक यांनी कागदोपत्री साहाय्य करावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास अनेक सवलतींचा मार्ग खुला होतो; निकषांत बसणाऱ्या निराधार रुग्णास संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभही मिळू शकतो. हक्क डावलला गेल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या व गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर लिहिलेला असावा.

कायदा रुग्णालयाचे दार उघडू शकतो. घराचे व शेजाऱ्याचे दार उघडणे मात्र समाजाच्याच हाती आहे. क्षयरोग आणि कुष्ठरोग यांच्याविषयीची भीती महाराष्ट्राने लोकशिक्षणाने पुष्कळ अंशी दूर केली. मनोविकारांबाबतही तेच करावयाचे आहे, आणि त्याचा प्रारंभ आपल्याच आळीतील, आपल्याच इमारतीतील एका बंद दारापासून करता येण्यासारखा आहे.