रकान्याबाहेरचे दुखणे

महाविद्यालयात असताना मी बास्केटबॉलच्या संघात होतो. उंची बेताची, त्यामुळे बहुतेक सामने बाकावर बसूनच पाहिले. मात्र तेथे बसल्या बसल्या सामन्याचा तक्ता लिहिण्याचे काम माझ्या वाट्याला आले. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तो किती मिनिटे खेळला, चेंडू किती वेळा टाकला, किती वेळा बास्केट झाले, हे सारे रकान्यांत भरायचे. तेव्हापासून असे तक्ते वाचण्याची मला आवड आहे. त्यांतील एक आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण तुमच्या घरातील रक्तदाबाच्या वहीशी त्याचे जवळचे नाते आहे.

११ जून १९९७. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी या शहरात एनबीएच्या अंतिम मालिकेतील पाचवा सामना झाला. शिकागो बुल्स आणि यूटा जॅझ या संघांनी तोवर दोन-दोन सामने जिंकले होते. निकाल लागला तो बुल्स ९०, जॅझ ८८ असा. बुल्सच्या तक्त्यात मायकल जॉर्डनच्या नावापुढे लिहिले आहे : मिनिटे ४४, गुण ३८, रिबाउंड ७, असिस्ट ५. हुकून परत आलेला चेंडू पकडला की रिबाउंड, आणि आपल्या पासवर सहकाऱ्याने बास्केट केले की असिस्ट. जॉर्डनने २७ वेळा चेंडू टाकला, १३ वेळा तो आत गेला. त्यांपैकी दोन लांबवरून टाकलेले, म्हणजे तीन-तीन गुणांचे. उरलेले अकरा दोन-दोन गुणांचे. बारा फ्री थ्रोंपैकी दहा साधले. बेरीज करून पाहा, बरोबर ३८ येते. ४८ मिनिटांच्या सामन्यात तो जेमतेम चार मिनिटे बाहेर बसला होता.

हा तक्ता कोणा तिऱ्हाइताच्या हाती दिला, तर तो म्हणेल, गडी ठणठणीत दिसतो!

प्रत्यक्षात त्या वेळी चौतिशीत असलेला हा खेळाडू आदल्या रात्रीपासून उलट्यांनी हैराण झाला होता. पोटात अन्न नाही, शरीरातील पाणी कमी झालेले, अंगात त्राण नाही. तेव्हा दुखण्याला फ्लू म्हटले गेले. पुढे २०२० साली आलेल्या ‘द लास्ट डान्स’ या माहितीपट मालिकेत रात्री मागवलेल्या पिझ्झ्यावर ठपका आला. काही असो, तक्त्यात उलटीचा रकाना नसतो. शेवटी शेवटी तर त्याला धड उभे राहवत नव्हते. स्कॉटी पिपेन या सहकाऱ्याने त्याला अंगावर रेलून घेत बाकाकडे नेले. पिपेनचे १७ गुण आणि १० रिबाउंड नोंदलेले आहेत. तो दिलेला खांदा कोठेही नोंदलेला नाही.

आणखी एक गंमत पाहा. न साधलेल्या दोन फ्री थ्रोंपैकी एक सामन्याच्या अगदी शेवटच्या मिनिटातला, गुण ८५-८५ असे बरोबरीत असतानाचा. तक्त्यात ती चूकच. पण हुकलेला तो चेंडू जॉर्डननेच पुन्हा मिळवला आणि अवघी २५ सेकंद उरली असताना तीन गुणांचे बास्केट करून संघाला ८८-८५ असे पुढे नेले. ओळीतला आकडा खोटा नव्हता. तो केवळ अपुरा होता.

हे मला कळायला हवे होते, नाही का? तरीही मी चुकलो.

माझ्याकडे येणारे एक आजोबा, वय ७६. त्यांची सूनबाई रोज सकाळी त्यांचा रक्तदाब मोजून वहीत लिहीत असे. वर्षभर वरचा आकडा १४०च्या आसपास असायचा. एकदा तिने वही आणली, तर तीन दिवस सलग ११० लिहिलेले. आजोबा सोबत नव्हते. मी वही पाहून ‘छान’ म्हणालो. त्याच रात्री ते न्हाणीघरात कोसळले आणि खुब्याचे हाड मोडले. त्यांना चार दिवस जुलाब होत होते. पाणी कमी झालेल्या शरीरात लघवी वाढवणारी गोळी नेमाने जात होती. मी विचारले, “हे वहीत का लिहिले नाही?” सूनबाई ओशाळून म्हणाली, “डॉक्टर, वहीत त्याचा रकानाच नव्हता.”

ते रकाने मीच आखून दिले होते.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे तहान लागली नाही म्हणजे शरीरात पाणी पुरेसे आहे, असे समजू नका. जीभ कोरडी पडणे, लघवी कमी व गडद होणे, उठताना भोवळ येणे, बोलण्यात अचानक गोंधळ होणे, ही चिन्हे आधी पाहा. रक्तदाब एकदा बसवून मोजा, मग उभे करून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. या वेळी कोणीतरी आधाराला जवळ असावे. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जुलाब-उलट्या सुरू होताच फोन करा आणि लघवीच्या, रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते विचारा. मनाने बंद करू नका, मनाने चालूही ठेवू नका. एक लिटर पाण्यासाठी असलेले ओआरएसचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच विरघळवावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर किती पाजायचे हे आधी विचारून घ्यावे. जॉर्डनचा दाखला देऊन ‘मी काही झोपून राहणार नाही’ म्हणणारे आजोबा घरोघरी असतात. त्यांना सांगा, तो चौतीस वर्षांचा होता आणि मागे संघाचे वैद्यकीय पथक होते.

शस्त्रक्रियेनंतर आजोबा आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. त्यांच्या वहीत मी एक रुंद रकाना वाढवला आहे, बिनमथळ्याचा. परवा त्यात सूनबाईने लिहिले होते : “रक्तदाब १३८. सकाळचा चहा अर्धाच घेतला. भाजी परत केली. विचारले तर काही नाही म्हणाले.” मी वही मिटली आणि संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आलो.