बोटीने लक्षद्वीपला जाताना

बोटीचा प्रवास मराठी माणसाला परका नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या बोटी विसाव्या शतकात कित्येक दशके चाकरमान्यांना गावी पोचवीत असत. बंदर उथळ असले म्हणजे बोट दूर समुद्रात उभी राहावयाची, किनाऱ्याकडून पडाव यावयाचा, आणि बोचकी, पोरेबाळे, म्हातारीकोतारी अशी सारी मंडळी हेलकावत्या बोटीतून हेलकावत्या पडावात उतरावयाची. पुढे रस्ते झाले, एस.टी. गावोगाव पोचली आणि ही वाहतूक मंदावत बंद पडली. समुद्रावर कसे वागावे, काय खावे, कोठे बसावे याचे घरोघरचे शहाणपणही तिच्याबरोबर विस्मरणात गेले. आज हौसेने जलपर्यटनास निघणाऱ्या प्रवाशाला ते नव्याने शिकावे लागते.

जलपर्यटनाचे स्थूलमानाने दोन प्रकार मानता येतील. पहिल्या प्रकारात बोट हेच पर्यटनस्थळ असते. तरंगते हॉटेलच ते; खाणेपिणे, नाचगाणी, पोहण्याचे तलाव, सर्व काही तिच्यावर असते, आणि वाटेत लागणारे बंदर हे केवळ निमित्त ठरते. दुसऱ्या प्रकारात बोट हे वाहन असते आणि खरी ओढ असते ती तिने नेऊन पोचविलेल्या भूमीची. केरळातील कोचीहून लक्षद्वीपला जाणारी बोट ही या दुसऱ्या प्रकारातली. लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन संस्थेने आखलेली 'समुद्रम' नावाची पाच दिवसांची सहल अनेक वर्षे या मार्गावर चालत आली आहे. तिची रचना मोठी सोयीची आहे. बोट रात्री चालते आणि दिवसा एकेका बेटापाशी थांबते. प्रवासी सकाळी बेटावर उतरतात, सायंकाळी बोटीवर परततात आणि झोपेतच पुढचे अंतर कापले जाते. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटे अशा रीतीने पाहून होतात. या मार्गावरील 'कवरत्ती' ही मोठी बोट सुमारे ७०० उतारू नेऊ शकते. कोचीपासून या बेटांचे अंतर पावणेतीनशे ते चारशे किलोमीटर असून बेटाप्रमाणे १४ ते १८ तास लागतात.

तयारीचा पहिला भाग कागदपत्रांचा. लक्षद्वीपचा रहिवासी नसलेल्या भारतीय नागरिकालाही तेथे जाण्यास १९६७ च्या नियमांनुसार परवाना लागतो. ही अट अनेकांना जाचक वाटते. परंतु तिचे कारण आकड्यांत दडलेले आहे. या केंद्रशासित प्रदेशाची एकूण जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ६४,४७३ भरली, आणि ही सारी वस्ती केवळ दहा बेटांवर आहे. एवढ्या चिमुकल्या घरात पाहुणे किती घ्यावयाचे याला मर्यादा असणारच. म्हणून अर्ज आणि आरक्षण पुष्कळ आधी करावे, आणि बोटीचे वेळापत्रक निघण्यापूर्वी पुन्हा एकदा पडताळून पाहावे. समुद्र आणि हवा यांच्या मर्जीने त्यात फेरबदल होऊ शकतो. परतीच्या दिवशीच रात्रीची आगगाडी धरण्याचा बेत जाणता प्रवासी करीत नाही. एक दिवस तो हाताशी राखून ठेवतो.

ऋतूची निवड त्याहून महत्त्वाची. नैर्ऋत्य मोसमी वारा जून ते सप्टेंबर या काळात कोकणचा समुद्र जसा खवळून सोडतो तसाच लक्षद्वीपचाही. म्हणून पर्यटनाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंतचा असतो. त्यातही डिसेंबर ते मार्च हे महिने समुद्र शांत राहण्याच्या दृष्टीने अधिक भरवशाचे. पहिल्यांदाच बोटीत बसणाऱ्याने, विशेषतः बरोबर वृद्ध माणसे असतील तर, हेच महिने निवडावेत.

यानंतर प्रश्न येतो जागेचा. पुष्कळ प्रवासी वरच्या मजल्यावरील, पुढच्या टोकाजवळची खोली हौसेने मागून घेतात, आणि पहिल्याच रात्री पस्तावतात. लाटेवर बोट दोन प्रकारे हलते : एकदा नाक वर-खाली करते, आणि एकदा या कुशीवरून त्या कुशीवर कलते. लहान मुलांच्या फळीच्या झोक्यात टोकाला बसलेले मूल जसे सर्वांत अधिक उचलले जाते आणि मधली जागा जवळजवळ स्थिर राहते, तसेच बोटीचे आहे. लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची जागा सर्वांत कमी हलते. तेथून देखावा दिसत नाही हे खरे. पण देखाव्यासाठी डेक आहेच, आणि रात्री खिडकीतून काळोखाशिवाय दुसरे काय दिसणार?

बोट लागणे हा आजार मनाचा दुबळेपणा नव्हे. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारी इंद्रिये असतात. ती मेंदूला सांगतात की आपण हलत आहोत. बंद खोलीतील भिंती मात्र शरीराबरोबरच हलत असल्यामुळे डोळे सांगतात की सर्व स्थिर आहे. या परस्परविरुद्ध साक्षींनी मेंदू गोंधळतो आणि ओकारी येते. कारण कळले की उपाय आपोआप सुचतो. डोळ्यांनाही हालचाल दिसू द्यावी, म्हणजे डेकवर मोकळ्या हवेत यावे आणि नजर दूर क्षितिजरेषेवर ठेवावी. वाचन टाळावे. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. कोरडी पोळी, बिस्किटे, केळे असे हलके खावे. औषध घ्यावयाचे असेल तर डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्यापूर्वी घ्यावे. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकेलच असे नाही. बहुतेकांना एक-दोन दिवसांत सवय होते.

बोटीवर पाऊल ठेवल्यावर सामान लावण्याआधी करावयाचे काम म्हणजे आपले जीवरक्षक जाकीट कोठे आहे, ते कसे बांधावयाचे आणि संकटसमयी कोणत्या जागी जमावयाचे हे समजून घेणे. खलाशी ही माहिती देत असतात तेव्हा निम्मे उतारू छायाचित्रे काढण्यात गुंतलेले असतात. मराठी माणसाला तरी याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात वाटेतच उलटली आणि ६०० हून अधिक माणसे प्राणास मुकली. लाटेच्या तडाख्याने बोट कलताच घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि तिचा तोल गेला, असे त्या दुर्घटनेविषयी सांगतात. बोटीवरील शिस्त ही उतारूंच्याच जिवासाठी असते, हा धडा त्या पिढीने फार मोठी किंमत देऊन शिकला.

पहाटे लवकर उठून डेकवर येणाऱ्याला बेट उगवताना दिसते. पृथ्वीच्या गोलाईमुळे आधी माडांचे शेंडे तेवढे पाण्यावर तरंगल्यासारखे भासतात. किनारा नंतर दिसतो. ही सारी जमीन समुद्रपातळीपासून काही मीटरच उंच आहे. प्रवाळ नावाचे सूक्ष्म जीव उबदार, स्वच्छ आणि उथळ पाण्यात आपल्याभोवती चुन्याचे कवच बांधतात. हजारो वर्षे कवचावर कवच चढून कडे तयार होते. समुद्रातील एखादा जुना ज्वालामुखी हळूहळू खाली खचत असता त्याच्याभोवतीचे प्रवाळ मात्र वर वाढत राहतात, आणि अखेर पर्वत नाहीसा होऊन कंकणाकृती कडे तेवढे उरते, असे चार्ल्स डार्विन याने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रतिपादिले होते. या कड्याच्या आतील उथळ, शांत पाण्याला खारकच्छ म्हणतात. तळाशी पांढरी वाळू असल्याने ते पाचूसारखे हिरवे दिसते, आणि कड्याबाहेर खोली एकदम वाढल्याने पाणी गर्द निळे होते.

लक्षद्वीपात वस्तीची बेटे बहुधा कड्याच्या पूर्व बाजूस आणि खारकच्छ पश्चिमेस असे आढळते. प्रवाशाने हे ध्यानात ठेवले तर त्याचे दोन फायदे होतात. पोहावयाचे ते पश्चिमेच्या खारकच्छात, तेही तेथील माणसांनी दाखविलेल्या जागी. पूर्वेच्या किनाऱ्यावर खुल्या समुद्राची लाट थेट आदळते. १८४७ साली आलेल्या भयंकर वादळाने कल्पेनीच्या पूर्व व आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या प्रचंड शिळा आणून टाकल्या. त्या राशीकडे पाहिले म्हणजे ही सूचना का करावयाची ते समजते. आणि सूर्यास्त पाहावयाचा तोही खारकच्छाच्याच काठावरून, बोटीवर परतण्याची वेळ सांभाळून.

मोठी बोट कड्याच्या आत येऊ शकत नाही. ती बाहेर थांबते आणि यांत्रिक होड्या उतारूंना घेऊन जातात. कोकणच्या पडावाचाच हा प्रकार. येथे हात मोकळे हवेत. पाठीवरची लहान पिशवी, पायात घट्ट बसणारी पादत्राणे, पैसे व ओळखपत्र मेणकापडात, एवढेच सामान दिवसाला पुरते. होडी लाटेसरशी वर येते त्या क्षणी खलाशी सांगेल तेव्हा पाऊल टाकावे. आपण उडी मारू नये, आपले दंड त्याच्या हाती द्यावेत. होडीच्या काठावर बोटे ठेवू नयेत. दोन नौकांच्या मध्ये ती चेमटतात.

तिन्ही बेटांची प्रकृती वेगळी आहे. कवरत्ती ही राजधानी. १९६४ पर्यंत या प्रदेशाचा कारभार कोळिकोड येथून चालत असे, त्या वर्षी तो येथे आला. येथील उज्रा मशिदीचे कोरीव लाकडी छत आवर्जून पाहावे. कल्पेनी हे विस्तीर्ण खारकच्छाचे बेट. मिनिकॉय मात्र इतरांपासून भाषेनेही दूर आहे. अन्य बेटांवर मल्याळमची बोली चालते, तर मिनिकॉयची महल भाषा मालदीवच्या भाषेशी नाते सांगते आणि उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. गावातील पुरुषांच्या प्रमुखाला तेथे 'बोडुकाका' म्हणतात, हे ऐकून मराठी पाहुण्याला गंमत वाटते. येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून काम करीत आले आहेत. १८८५ साली उभारलेला येथील दीपस्तंभ चढण्याची संधी मिळाली तर दवडू नये. वरून कडे, खारकच्छ आणि बेट यांचा संपूर्ण आकार एका दृष्टिक्षेपात दिसतो. येथील ट्यूना मासेमारीही पाहण्याजोगी. जिवंत लहान मासे आमिष म्हणून टाकून बांबूच्या गळाने एकेक मासा ओढला जातो. जाळे लागत नाही, त्यामुळे नको ते जीव मरत नाहीत.

या बेटांवर गोडे पाणी वाळूखाली, खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. उपसा अधिक झाला की विहिरी खाऱ्या होतात. म्हणून २००५ साली कवरत्तीला, आणि नंतर मिनिकॉय व अगत्ती येथे, समुद्राचे पाणी गोडे करण्याची संयंत्रे उभारण्यात आली. पृष्ठभागाचे उबदार पाणी निर्वात पात्रात घेतले की त्याची कमी तापमानातच वाफ होते. सुमारे ३५० मीटर खोलीवरून खेचलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववली की पेयजल मिळते. कवरत्तीच्या संयंत्राची क्षमता दिवसाला एक लाख लिटर ठेवलेली होती. इतक्या खटपटीने मिळालेले पाणी पाहुण्याने हात धुताना वाहते सोडू नये.

प्रवाळांचे दुखणे याहून गंभीर आहे. प्रवाळाच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवले त्याला अन्न व रंग पुरवितात. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे तापले, तरी प्रवाळ ती शैवले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ताप उतरला नाही तर मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपने हा आघात सोसला, आणि २०२४ साली तो पुन्हा आला. मेलेले कडे झिजते, लाट अडत नाही, किनारा वाहून जातो. बंगारमजवळचे पराली-१ हे निर्मनुष्य बेट धूप होऊन नाहीसे झाल्याचे २०१७ साली अभ्यासकांनी नोंदविले.

प्रवाशाला समुद्राचा ताप उतरविता येत नाही. पण पाण्यात पोहताना प्रवाळावर उभे राहू नये, एवढे त्याच्या हाती आहे. एका पावलाने कित्येक वर्षांची वाढ मोडते. किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडादेखील खिशात घालू नये. प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे आणि तो गुन्हा ठरतो. प्लास्टिकचा कचरा आपल्याबरोबर परत आणावा. बेटावरील समाज जवळजवळ संपूर्ण मुस्लिम असून मर्यादशील आहे. पोहण्याच्या कपड्यांत गावातून हिंडू नये आणि विचारल्यावाचून कोणाचे, विशेषतः स्त्रियांचे, छायाचित्र घेऊ नये. शहाळे हाती देणारा यजमान दोन घटका बोलावयास उत्सुक असतो. त्याला वेळ द्यावा.

पाचव्या दिवशी कोचीच्या धक्क्यावर उतरल्यावरही काही काळ पायांखालची जमीन हलत असल्याचा भास होतो. शरीराने समुद्राची सवय करून घेतल्याची ती खूण. दिवसभरात ती जाते. बेटावरून आणावयाची भेटवस्तू म्हणजे काथ्याची एखादी वस्तू किंवा नारळाची वडी. शिंपले, प्रवाळ आणि वाळू जेथल्या तेथे राहू द्यावी. पुढच्या हंगामात येणाऱ्या पाहुण्यालाही पायांखाली बेट हवे असते, आणि तेथे जन्मलेल्या मुलाला तर ते आयुष्यभर हवे असते.